साथीच्या वर्षाचा अहवाल: रुग्णालयाने कृतज्ञता आणि प्रगती कशी नोंदवावी?

बकुळफूल

सर्वांना नमस्कार. एका तालुक्याच्या गावी धर्मादाय संस्थेचे ५० खाटांचे रुग्णालय आहे, तिथे मी कार्यालय अधीक्षक म्हणून काम करते. १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२१ या कोरोनाच्या साथीच्या वर्षाचा वार्षिक अहवाल लिहिण्याचे काम विश्वस्तांनी माझ्याकडे सोपवले असून 'कृतज्ञता आणि प्रगती' हे शीर्षकही त्यांनीच ठरवून दिले आहे. एरवी हा अहवाल माझ्या हातून दोन दिवसांत पुरा होतो: बाह्यरुग्ण विभागात किती जण आले, प्रसूती किती झाल्या, शस्त्रक्रिया किती, जमाखर्च काय आणि शेवटी देणगीदारांची यादी. या वेळी तीन आठवडे झाले, तरी मी दुसऱ्या पानावरच अडले आहे.

पहिली अडचण यादीचीच आहे. आमच्याकडे देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने छापण्याची पद्धत आहे. पण टाळेबंदीच्या पहिल्या पंधरवड्यात बाजारात कर्मचाऱ्यांसाठी संरक्षक अंगरखे मिळत नव्हते, तेव्हा गावातल्या शिंपीदादांनी रेनकोटच्या कापडाचे अंगरखे रात्री जागून शिवून दिले आणि शिलाईचा एक रुपयाही घेतला नाही. बचत गटाच्या बायकांनी चार महिने दोन्ही वेळचे डबे पाठवले. रुग्णवाहिकेच्या चालकाला वाड्यातल्या लोकांनी घरी येऊ दिले नाही, म्हणून तो जवळजवळ दोन महिने गाडीतच झोपत असे. या सगळ्यांचे नाव रकमेच्या रकान्यात कुठे बसवायचे?

दुसरी अडचण 'प्रगती' या शब्दाची. अतिदक्षता विभागाच्या खाटा ४ वरून १२ झाल्या, प्रत्येक खाटेपर्यंत प्राणवायूची नळी पोहोचली, हे खरेच आहे. पण त्याच वर्षी आमच्या रुग्णालयात जितके मृत्यू झाले, तितके माझ्या नोकरीच्या १९ वर्षांत मी कधी पाहिले नव्हते. ज्या घरातला माणूस परत गेला नाही, त्या घरी हा अहवाल पोहोचला तर हा शब्द वाचून त्यांना काय वाटेल, असे सारखे मनात येते.

तिसरी गोष्ट लिहिताना मला जड जाते आहे. आमच्या रुग्णालयात काम करणाऱ्या एक मावशी सप्टेंबर २०२० मध्ये याच आजाराने गेल्या. त्यांचे छायाचित्र 'कोरोना योद्धा' या मथळ्याखाली छापावे असे विश्वस्तांना वाटते आणि त्यांच्या मुलीला ते नको आहे. शिवाय एप्रिल २०२० मध्ये भीतीने कामावर येणे थांबवलेल्या चार कर्मचाऱ्यांचा उल्लेख करावा की करू नये, यावरही कार्यालयात मतभेद आहेत. अशा कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सांजदिवा

बकुळताई, मी ३४ वर्षे परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले, त्यातली शेवटची सहा वर्षे अधिसेविका (मेट्रन) होते. साथ आली तेव्हा निवृत्तीला आठ महिने उरले होते. सांगायचे एवढेच, की लिहायला बसण्यापूर्वी देणगीची वही बाजूला ठेवा आणि ड्युटीची वही उघडा.

त्या वहीत वर्ष जसेच्या तसे सापडते. कोणत्या आठवड्यात सात दिवस काम आणि सात दिवस विलगीकरण अशी पाळी लावली, कोणत्या आठवड्यात माणसेच उरली नाहीत म्हणून ती पाळी मोडली, कोणाच्या नावापुढे 'पॉझिटिव्ह' अशी नोंद आली आणि ती व्यक्ती कितव्या दिवशी पुन्हा कामावर हजर झाली, हे सगळे तिथे शाईने लिहिलेले असते. 'आमच्या परिचारिकांनी अहोरात्र सेवा केली' हे वाक्य प्रत्येक अहवालात असते, म्हणून ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी असे लिहा की संरक्षक किट एकदा चढवले की सहा तास पाणी पिता येत नसे आणि प्रसाधनगृहात जाता येत नसे. मे महिन्यात कक्षातले वातानुकूलन बंद ठेवावे लागे, आणि किट उतरवताना बाहीतून घामाच्या धारा लागत. सगळ्यांचेच चेहरे झाकलेले असल्यामुळे रुग्णांना माणूस ओळखू येत नसे, म्हणून आम्ही एकमेकींच्या पाठीवर आणि छातीवर जाड पेनाने नाव लिहीत असू. एक आजी मला शेवटपर्यंत त्या नावानेच हाक मारत होत्या आणि त्यांनी माझा चेहरा कधीच पाहिला नाही.

योगायोग असा, की फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला २०० वर्षे पूर्ण होत असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. १२ मे रोजी दरवर्षी आम्ही दिवा लावून शपथ घेतो. त्या वर्षी आमच्या कक्षात त्या दिवशी तीन रुग्ण गेले आणि दिवा लावायचा राहून गेला. २२ मार्चला लोकांनी थाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी हवाई दलाने रुग्णालयांवर फुले उधळली. मनाला बरे वाटले, ते मी नाकारत नाही. पण त्याच महिन्यात आमच्या दोन तरुण परिचारिका मुलींना घरमालकांनी खोली सोडायला सांगितली होती. तुमच्या गावात त्या मुलींना ज्या कोणी खोली दिली असेल, त्यांचे नाव शोधून काढा आणि अहवालात पहिल्या पानावर घाला.

मावशींच्या मुलीचे ऐका, एवढेच त्या प्रश्नाबद्दल म्हणेन.

दाबमापक

मी रुग्णालयांच्या वैद्यकीय वायुवाहिन्यांची जोडणी आणि देखभाल करतो. प्रगतीचा भाग लिहिताना आकडे असे मांडावेत की वाचणाऱ्याला त्यांचा अर्थ कळेल, यासाठी थोडे तपशिलात जातो.

मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७००० लिटर प्राणवायू मावतो. साध्या मुखवट्याने मिनिटाला १० लिटर घेणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो. तोच रुग्ण उच्च प्रवाहाच्या यंत्रावर गेला आणि मिनिटाला ६० लिटर घेऊ लागला, तर सिलिंडर दोन तासही पुरत नाही. असे सहा रुग्ण एका कक्षात असतील तर दिवसाला सत्तरहून अधिक सिलिंडर नुसते ढकलत आणायला आणि जोडायला किती माणसे लागतात, हे मॅनिफोल्डच्या खोलीत, म्हणजे जिथे सिलिंडर नळ्यांना जोडतात तिथे, एकदा रात्र काढल्याशिवाय कळत नाही. पान्याने झडप उघडणारा तो माणूस बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतो आणि कोणत्याही यादीत त्याचे नाव नसते. बकुळताई, तुमच्याकडे तो कोण होता ते कृपया विचारा.

हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. हवेतूनच प्राणवायू वेगळा काढणाऱ्या प्रकल्पात झिओलाइट नावाचे दाणे दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि पुढे सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळतो. मिनिटाला ५०० लिटर देणारा प्रकल्प दिवसभरात शंभरएक जम्बो सिलिंडरांइतका वायू तयार करतो. मात्र त्याला अखंड वीज लागते, गाळण्या वेळेवर बदलाव्या लागतात आणि शुद्धता रोज मोजावी लागते. द्रवरूप प्राणवायूची टाकी ही वेगळी व्यवस्था आहे: उणे १८३ अंशांच्या खाली ठेवलेल्या एक लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो, पण त्यासाठी टँकर वेळेवर यावा लागतो. १९ एप्रिल २०२१ रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला निघाले आणि भरून परत येताना तीन नागपूरला, चार नाशिकला उतरले, तेव्हा अवघे राज्य त्या गाडीच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून बसले होते.

म्हणून 'खाटा ४ वरून १२ झाल्या' एवढेच लिहू नका. त्या बाराही खाटांवर एकाच वेळी उच्च प्रवाहाचे रुग्ण असतील तर तुमचा साठा किती तास पुरेल, हा आकडा छापा. नळ्यांची गळती तपासणारा माणूस कोण आणि शेवटची तपासणी कधी झाली, हेही छापा. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले, आणि त्याआधी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशुकक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके गेली. या दोन घटनांनंतर मला तरी देखभालीच्या नोंदीशिवाय कोणतेही नवे यंत्र हे प्रगती वाटत नाही.

तापीकाठ

दाबमापक यांच्या म्हणण्याला आमच्या नंदुरबार जिल्ह्याचे उदाहरण जोडतो. आदिवासीबहुल, दुर्गम, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत पसरलेला आमचा जिल्हा एरवी कुपोषणाच्याच बातम्यांत दिसत असे. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने जिल्हा रुग्णालयात प्राणवायूनिर्मितीचा पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२० मध्ये उभा राहिला. ते स्वतः वैद्यकीय पदवीधर आहेत आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबातून आलेले आहेत. पहिली लाट ओसरू लागली होती, तरीही त्यांनी काम थांबवले नाही आणि २०२१ च्या सुरुवातीला आणखी प्रकल्प बसवले. एप्रिलमध्ये मोठी शहरे प्राणवायूसाठी धावत असताना शेजारच्या मध्य प्रदेश आणि गुजरातमधले रुग्णही आमच्याकडे येऊ लागले.

माझ्या काकूंना त्या महिन्यात नऊ दिवस प्राणवायूवर ठेवले होते. मी बाहेर पिंपळाखाली बसून असे आणि भिंतीपलीकडून यंत्राचा घरघराट ऐकू येई. तो आवाज चालू आहे म्हणजे काकू आहेत, असे मी मनाशी धरले होते. त्या घरी आल्या. एखाद्या संस्थेबद्दलची कृतज्ञता म्हणजे काय, हे मला कोणी विचारले तर मी त्या यंत्राच्या आवाजाबद्दल सांगेन. साथ नसलेल्या महिन्यांत, कोणी मागितलेले नसताना, ते काम झाले होते. बकुळताई, तुमच्या अहवालात ऑक्टोबर २०२० ते जानेवारी २०२१ या शांत महिन्यांत काय केले, याला स्वतंत्र पाने द्या. काही केले नसेल तर तेही लिहा.

बकुळफूल

सांजदिवाताई, दाबमापक, तापीकाठ, आपले मनापासून आभार. आज ड्युटीची वही काढली. दोन मुलींना खोली देणाऱ्या आजी मला माहीत होत्या, पण त्यांचे नाव लिहायचे असते हे सुचले नव्हते. मॅनिफोल्डच्या माणसाचे नाव मात्र मला ठाऊक नव्हते, याची लाज वाटली. शांत महिन्यांबद्दल विचारलेत, तर खरे उत्तर असे की नोव्हेंबरमध्ये आम्ही सहा तात्पुरत्या खाटा काढून टाकल्या होत्या आणि मार्चमध्ये त्या पुन्हा घाईने लावाव्या लागल्या. हे छापायला विश्वस्त तयार होतील का, ते विचारून पाहते.

निदान

मी फिजिशियन आहे. यंत्रांविषयी वर चांगले लिहिले गेले आहे, पण साथीच्या वर्षातली खरी वाटचाल वैद्यकाच्या समजुतीत झाली, आणि ती अहवालात सहसा येत नाही, म्हणून लिहितो.

९ मार्च २०२० रोजी पुण्याच्या नायडू रुग्णालयात राज्यातले पहिले रुग्ण दाखल झाले आणि २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, ते बरे होऊन घरी गेले. तेव्हा आमच्या हाती या आजाराची कोणतीही सिद्ध उपचारपद्धती नव्हती. रक्तातला प्राणवायू उतरलेला दिसला की लवकर कृत्रिम श्वासयंत्र लावावे, अशी तेव्हा बऱ्याच ठिकाणी धारणा होती. हळूहळू कळले की शुद्धीवर असलेल्या रुग्णाला पालथे झोपवले तर अनेकांची सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूची पातळी, सुधारते. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष आला: डेक्सामेथासोन या जुन्या आणि अत्यंत स्वस्त औषधाने श्वासयंत्रावरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायूवरच्या रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटले होते. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना त्याचा लाभ दिसला नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले. ही दुसरी ओळ सर्वांनी तितक्याच लक्षपूर्वक वाचली असती तर स्टिरॉइडांचा अतिवापर टळला असता, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीच्या आजाराचे) जे रुग्ण पाहिले, त्यांतले काही तरी वाचले असते, असे माझे मत आहे.

आम्ही जे सोडून दिले तेही प्रगतीतच मोजावे. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तद्रवाच्या (प्लाझ्माच्या) बाटलीसाठी नातेवाईक समाजमाध्यमांवर रात्र-रात्र आवाहने करत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवरील चाचणीत त्याचा फायदा दिसला नव्हता आणि तो अहवाल ऑक्टोबर २०२० मध्येच प्रसिद्ध झाला होता. तरी मे २०२१ पर्यंत तो उपचार मार्गदर्शक सूचनांतून गेला नाही. रेमडेसिव्हिरने मृत्यू घटल्याचा पुरावा नाही म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये त्याची शिफारस नाकारली, आणि एप्रिलमध्ये त्याच औषधासाठी लोकांनी दागिने मोडले. मी स्वतः ते लिहून देत होतो. नातेवाइकांच्या डोळ्यांतली आशा पाहून 'याचा फारसा उपयोग नाही' असे म्हणण्याचे धैर्य मला प्रत्येक वेळी झाले नाही.

ताई, तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना एक पान लिहायला सांगा: एप्रिल २०२० मध्ये आपण असा रुग्ण आला तर काय करत होतो आणि मार्च २०२१ मध्ये काय करू लागलो. ज्या रुग्णांवर उपचार करताना आपण हे शिकलो, त्यांचेही आपण ऋणी आहोत, आणि त्यांत वाचलेले व न वाचलेले दोन्ही आले.

ताळमेळ

धर्मादाय रुग्णालयांचे हिशेब तपासण्याचे काम करतो, त्यामुळे थोडक्यात दोन सूचना. वस्तुरूपात आलेल्या मदतीची स्वतंत्र नोंद ठेवा आणि त्यात किंमत लिहिण्याचा आग्रह धरू नका, वस्तू, संख्या आणि तारीख पुरे. तारखेच्या क्रमाने लावल्यास शिंपीदादा आपोआप सर्वांत वर येतील, कारण मोठ्या देणग्या बहुतेक ठिकाणी जूननंतर आल्या. दुसरे म्हणजे, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, ही जबाबदारी आपल्यावर साथीच्या आधीपासून आहे. त्यातून झालेला उपचार 'कृतज्ञता' किंवा 'औदार्य' या शीर्षकाखाली घालू नये. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०२० मध्ये राज्यातल्या सर्व नागरिकांना खुली झाली, तिच्यातून किती रुग्णांची देयके भागली तो आकडाही वेगळा दाखवा.

ओसरी

मी या क्षेत्रातला नाही. माझे वडील एप्रिल २०२१ मध्ये एका रुग्णालयात वारले. आपण ज्या घराची काळजी करता आहात, त्या घरातला एक माणूस म्हणून लिहितो.

'प्रगती' हा शब्द मला टोचणार नाही. रुग्णालय पुढे गेलेलेच मला हवे आहे, कारण माझी आई अजून आहे आणि उद्या तिलाही तिथेच न्यावे लागेल. मला टोचते ती शांतता. वडील गेल्यानंतर आम्हाला एक देयक मिळाले, प्रमाणपत्र मिळाले आणि एका पिशवीत चष्मा आणि चार्जर मिळाला. अखेरच्या दोन दिवसांत त्यांच्याजवळ कोण होते, ते काही बोलले का, हे आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि ज्यांना माहीत होते त्यांना सांगायला वेळ नव्हता, हे मी समजू शकतो. पाच महिन्यांनी एका परिचारिकेने आपणहून फोन केला. वडिलांनी 'मुलाला सांगा, मोटरसायकल विकू नको' असे म्हटले होते, एवढेच तिने सांगितले. मी ती मोटरसायकल विकायलाच काढली होती.

आपल्या अहवालात मृतांची संख्या पहिल्या पानावर असावी. नावे नकोत, कारण प्रत्येक घराची संमती घेणे अवघड आहे. पण ज्यांना हवे असेल त्यांनी रुग्णालयात यावे, त्या दिवसांत कक्षात काम केलेल्या व्यक्तीशी आम्ही भेट घालून देऊ, असे दोन ओळींचे निवेदन आणि एक ठरावीक वार छापता आला तर पाहा.

'निदान' यांचे एक म्हणणे मला पटले नाही. शिकण्यासाठी म्हणून माझे वडील तिथे गेले नव्हते, त्यामुळे त्यांचे ऋण मानताना ते वाक्य फार जपून लिहावे. कामावर न आलेल्या चौघांबद्दल मात्र मला राग नाही. त्या एप्रिलमध्ये कोणालाच काही माहीत नव्हते. पुढे त्यांच्यातले जे परत आले असतील, ते आजार काय असतो हे कळल्यानंतर आले, ही गोष्ट मला मोठी वाटते.

निदान

ओसरी, आपले म्हणणे मान्य आहे. ते वाक्य मी मागे घेतो. 'ज्यांच्यावर उपचार करताना आम्ही कमी पडलो' असे म्हणायला हवे होते.

बकुळफूल

आज विश्वस्तांच्या बैठकीत मसुदा वाचून दाखवला. नोव्हेंबरमध्ये काढलेल्या खाटांचा परिच्छेद ठेवावा की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली. अध्यक्षांनी तो ठेवायला सांगितला, पण 'घाईने' हा शब्द काढला. मी तेवढे मान्य केले.

मदतीची यादी आता तारखेच्या क्रमाने लागली आहे. पहिली नोंद २७ मार्च २०२० ची आहे: शिंपीदादा, अंगरखे ४०. ती तारीख आधीच्या आर्थिक वर्षात जाते, असे लेखापालांनी दाखवून दिले, तेव्हा यादीला 'मार्च २०२० पासून' असा मथळा दिला. तसेच ३१ मार्चला लाट ऐन चढावर असताना अहवाल थांबवणे कोणालाच पटले नाही, म्हणून जून २०२१ पर्यंतची पुरवणी जोडतो आहोत. गावातल्या आशाताईंना (घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांना) त्या पुरवणीत जागा दिली आहे. राज्यभरातल्या आशा जूनमध्ये मानधनासाठी संपावर गेल्या होत्या, त्यात त्याही होत्या, आणि त्यांची मागणी योग्य होती असे एक वाक्य मी लिहिले आहे. ते अजून तरी कोणी खोडलेले नाही.

मावशींच्या घरी काल संध्याकाळी जाऊन आले. मुलीने छायाचित्र दिले नाही. आईचे नाव आणि तिने २२ वर्षे प्रसूती कक्षात काम केले एवढेच लिहा, असे ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, नवजात बाळाला पहिली अंघोळ आईच घालायची, हे लिहिता येईल का, असे विचारले. ते लिहिले आहे.

ओसरी, आपण सुचवलेला वार गुरुवार ठरला आहे, दुपारी तीन ते पाच. दोन सिस्टर आणि मॅनिफोल्डवर रात्रपाळी केलेले मामा बसणार आहेत. मामांनी आपण होऊन विचारले, की मलाही येऊन बसता येईल का, कारण रात्री दोन-तीन वाजता पाणी मागणाऱ्या बऱ्याच जणांना त्यांनीच पाणी दिले होते.